कोऱ्या कागदावरची सही

आखातातल्या सित्रा बेटावर आमच्या बर्फाच्या फॅक्टरीत मराठी माणसं मला ‘पेशवे’ म्हणायची. तोंडावर म्हणायची, त्यामुळे चिडायचीही सोय नव्हती. हे नाव ठेवलं साताऱ्याकडच्या एका इलेक्ट्रिशियनने. एकदा जेवताना तो म्हणाला, “आमच्याकडं गादी साताऱ्यात आन् कारभार पुण्यात. हितं गादी बुसैतीनला आन् कारभार तुमच्या टेबलावर. मग तुम्ही कोण, सांगा?” सगळे हसले. मीही हसलो आणि मनातून जाम खूश झालो. गुहागरजवळच्या मच्छीमाराचा मी मुलगा, बारावीला इंग्रजीत दोनदा आपटलेला. मला कुणी पेशवे म्हणेल असं आमच्या वाडीत कुणाला स्वप्नातही वाटलं नसतं.

गादीवर होते बुसैतीनला राहणारे आमचे अरबाब. आखातात मालकाला अरबाब म्हणतात. ते आजही आहेत, ठणठणीत आहेत. मराठी त्यांना वाचता येत नाही, म्हणून हे लिहायचं धाडस होतंय. वाचता आलं असतं तर त्यांनी छातीवर हात ठेवून, मान हलवून हे सगळं खोडायला लावलं असतं. आपल्याबद्दल कुणी चांगलं बोललं की त्यांना ओशाळल्यासारखं होतं.

फॅक्टरी त्यांच्या वडिलांनी उभी केलेली. थोरले अरबाब म्हणजे जमदग्नी. त्यांची गाडी गेटातून आत शिरली की क्रशरवरचा माणूस सिगारेट विझवायचा आणि मी उगाचच रजिस्टर उघडून बसायचो. ते गेले तेव्हा मागे तीन मुलगे होते. मोठा बँकेत, मधला सरकारी ऑफिसात. अमोनियाचा वास आणि मासेवाल्यांचा आरडाओरडा दोघांनाही नको होता. धाकटे, म्हणजे आमचे अरबाब, चाळिशीला टेकलेले. संध्याकाळी बुसैतीनच्या मशिदीत लहान मुलांना कुराण म्हणायला शिकवायचे आणि सकाळी समुद्राच्या कडेला मांजरांना मासे घालायचे. एवढाच त्यांचा दिवस, आणि तेवढ्यात ते सुखी होते. भावांनी ठरवलं, तू मोकळा आहेस, तू बघ. मोठ्या भावांपुढे बोलायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती, म्हणून ते तयार झाले.

पहिल्या दिवशी ते आले आणि ऑफिसच्या दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या. मशिदीत जाताना काढतात तशा, अगदी जोडून. मी पळत जाऊन म्हटलं, “अरबाब, चप्पल चलेगा, अंदर चलेगा.” ते नुसते हसले. वडिलांच्या मोठ्या खुर्चीकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि टेबलाच्या अलीकडे, भेटायला येणाऱ्यांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर टेकले. मी रजिस्टरं आणली. कुठल्या बोटीला बर्फाच्या किती लाद्या, कोणत्या कंप्रेसरचं काय दुखतंय, कुणाचा व्हिसा कधी संपतोय, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग आमच्या तिथल्या त्या खिचडी भाषेत म्हणाले, “अना मफी मालूम. इन्ता मालूम.” म्हणजे मला कळत नाही, तुला कळतं. आणि ड्रॉवरमधून कंपनीच्या शिक्क्याची पत्र्याची डबी काढून त्यांनी माझ्याकडे सरकवली.

मी नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

बाहेरच्या माणसाला या शिक्क्याचं वजन कळायचं नाही. तिथे कागदावर कंपनीचा शिक्का नसेल तर तो कागदच नाही. लीव्ह, सीपीआर म्हणजे ओळखीचं कार्ड, बँक, मशीनचे सुटे भाग, सगळं त्या एका गोल शिक्क्यावर चालतं. शिक्क्याशेजारी अरबाबची सही लागते. ही अडचण त्यांनी आपल्या पद्धतीने सोडवली. दर गुरुवारी ते ऑफिसात यायचे तेव्हा मी कंपनीच्या लेटरहेडचे आठ-दहा कोरे कागद पुढे ठेवायचो. ते प्रत्येक कागदाआधी बिस्मिल्ला म्हणायचे आणि खाली उजव्या कोपऱ्यात सही करायचे. वरचा सगळा कागद कोरा. शेवटची सही झाली की गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणायचे, “ऊपर अच्छा लिखो.”

दर गुरुवारी हेच वाक्य. मला ती बोलण्याची एक सवय वाटायची, आपण ‘बरंय, येतो’ म्हणतो तशी.

फॅक्टरीत ते यायचे ते फक्त दुपारी, नमाजाच्या वेळेला. कंप्रेसरच्या खोलीला लागून नमाजाची खोली होती. आत चटया आणि एक कुरकुरणारा एसी. नमाजाला तेच पुढे उभे राहायचे आणि बाकीचे मागे रांगेत. त्या वीस मिनिटांत मशीन सांभाळायची आम्हा हिंदूंनी. ही पद्धत थोरल्या अरबाबपासूनची, कुणी ठरवून दिलेली नाही. आमच्या गणपतीच्या दिवशी आतले लोक मशीन सांभाळायचे आणि आम्ही राजधानीत, मनाम्यात आरतीला जायचो. नमाज झाली की अरबाब दारात उभे राहून एकेकाची चौकशी करायचे. कोणता माणूस कुठल्या कामावर आहे हे त्यांना वर्षानुवर्षं कळलं नाही. पण कुणाच्या आईला साखरेचा आजार आहे आणि कुणाच्या मुलीची दहावी आहे हे सगळं पाठ. “अम्मा जेन?” ते विचारायचे. जेन म्हणजे बरी. मग एक खजूर तोंडात टाकून गाडीत बसायचे. झालं त्यांचं राज्य.

राहिलेलं राज्य मी केलं, आणि बरं केलं असं मी आजही म्हणेन. बर्फ गोठवायचे गंजलेले डबे बदलून घेतले. लाद्या सरकवायचा लाकडी उतार माणसांची बोटं चेंगरायचा, तो नवा करून घेतला. बस वेळेवर सुटायला लागली. पण कारभाऱ्याला एक खोड लागते, ती मलाही लागली. चांगलं काही द्यायचं झालं की मी म्हणायचो, “थांब, मी अरबाबशी बोलतो तुझ्यासाठी.” नाही म्हणायचं झालं की, “अरबाब नाही म्हणाले, मी काय करू?” दोन्ही वेळा अरबाबना काही विचारलेलं नसायचं. गोड माझ्या वाटणीला आणि कडू त्यांच्या. कुणाला संशय आला नाही, कारण त्यांना थेट जाऊन विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. नमाजाच्या दारात कामाचं बोलायचं नाही असा एक अलिखित नियम होता. खरं सांगायचं तर तोही मीच हळूहळू रुजवला होता.

आमच्याकडे होइस्टवर एक चाचा होते, रायगडातले, श्रीवर्धनकडचे. होइस्ट म्हणजे बर्फाचे डबे मिठाच्या पाण्यातून उचलणारी साखळी. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे. मी नवीन आलो तेव्हा काम त्यांनीच शिकवलं. एकदा अमोनिया गळला आणि मी शहाणपणा करून आत राहिलो, तर तोंडावर ओलं फडकं दाबून मला बाहेर ओढणारेही तेच. नमाजात त्यांची जागा ठरलेली होती. पहिल्या रांगेत, अरबाबच्या बरोबर मागे. अरबाब मागे वळायचे तेव्हा पहिला चेहरा चाचांचा दिसायचा, आणि पहिली चौकशी त्यांच्याच आईची व्हायची.

त्या वर्षी ऑगस्टात उन्हाने सगळ्यांचा जीव काढला होता. बोटींना बर्फ पुरत नव्हता. होइस्टवरचा दुसरा माणूस आधीच लीव्हवर गेलेला. आणि चाचा माझ्या टेबलाशी आले.

“माय लय आजारी हाय,” ते म्हणाले. “भनीचा फोन होता. आठ दिस जाऊन येतो. अरबाबला इचार ना.”

“विचारतो,” मी म्हणालो.

विचारलं नाही. काय विचारायचं? ते म्हणणार, इन्ता मालूम. आणि मला मालूम होतं की होइस्ट बंद पडला तर जेट्टीवर पन्नास माणसं माझ्या नावाने शंख करतील. दुसऱ्या दिवशी मी चाचांना म्हणालो, “अरबाब नाय म्हणाले, चाचा. सीझन हाय.”

ते टेबलाशी आणखी जवळ आले. “तू नीट सांगितलास काय?”

“सांगितला.”

“मग मी सोता इचारतो. मना नाय म्हनायचे नाय ते.”

इथे मी घाबरलो. ते विचारायला गेले असते तर माझं सगळंच उघडं पडलं असतं. मी म्हटलं, थांबा, तुम्हाला लेखीच देतो. आणि कपाटातून गुरुवारचा एक सही केलेला कागद काढला. वर इंग्रजीत तीन ओळी टाइप केल्या की कामाच्या निकडीमुळे तुमची लीव्ह मंजूर करता येत नाही. खाली अरबाबची सही तयार होतीच. शेजारी शिक्का मारला. चाचांना इंग्रजी येत नव्हतं, पण ती सही ते ओळखत होते. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि होइस्टवर गेले.

त्याच दुपारी नमाजानंतर अरबाब वळले आणि हसून म्हणाले, “अम्मा जेन?”

मी वर ऑफिसच्या खिडकीतून बघत होतो. चाचांनी त्यांच्याकडे जसं पाहिलं ते मला आजही आठवतं. चाचा तसेच बाजूने निघून गेले. अरबाबना वाटलं, माणूस घाईत आहे.

पाचव्या दिवशी चाचांची आई गेली. मी धावत गेलो, म्हणालो, आता तरी जा, मी करतो व्यवस्था. “कशाला?” ते म्हणाले. “दुपारी नेतील तिला. मी कवा पोचणार?” दुसऱ्या दिवशी शिफ्टला ते वेळेवर हजर होते. सगळे त्यांना भेटून गेले. अरबाबना कुणीच काही सांगितलं नाही, कारण सगळ्यांना वाटलं की त्यांना माहीत असणार. लीव्ह त्यांनीच तर नाकारली होती.

आणि चाचांनी त्यांच्या मागे उभं राहायचं सोडलं. सगळे नमाजाला आत गेले की ते होइस्टजवळ हात धूत बसायचे. सगळे बाहेर आले की एकटे आत जायचे आणि एकट्याने नमाज पढायचे. पहिल्या दिवशी माझ्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं.

अरबाबना फॅक्टरीतलं काही कळत नव्हतं, पण पाठीमागच्या रांगेतली एक जागा बदलली आहे हे त्यांना न बघता कळलं. आठवडाभर त्यांनी वाट पाहिली. मग एक दिवस ते पुढे उभे राहायलाच तयार होईनात. ज्याच्यावर मागचा माणूस नाराज आहे त्याने पुढे उभं राहू नये, असं ते मानत. त्यांनी कंप्रेसरवरच्या एका बंगाली माणसाला पुढे केलं आणि स्वतः सगळ्यात मागच्या रांगेत, चपलांजवळ उभे राहिले. ज्या एका कामासाठी हा माणूस मनापासून फॅक्टरीत यायचा, तेवढं एकच काम त्याने सोडलं. आणि सोडलं माझ्यामुळे. मी कंप्रेसरच्या काट्यांकडे बघत उभा होतो, पण कुठला काटा कुठे आहे हे मला त्या दिवशी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

नमाजानंतर ते वर ऑफिसात आले. चपला काढल्या आणि नेहमीच्या खुर्चीवर बसले. मला विचारलं, तो माणूस माझ्या मागे का उभा राहत नाही?

“त्याची आई गेली, अरबाब,” मी म्हणालो. अर्धंच सांगितलं.

ते दचकले. कधी? मी सांगितलं. मग तो जाऊन कधी आला?

“नाही गेला. सीझन होता.”

त्यांनी पुढचं विचारलं नाही. उठले आणि तसेच अनवाणी खाली गेले. चाचांजवळ जाऊन त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला आणि काहीतरी विचारलं. चाचांनी हात सोडवून घेतला. खिशातून तो कागद काढला, घामाने पार मऊ झालेला, आणि त्यांच्यापुढे धरला. खिडकी उघडी होती. खाली कंप्रेसरचा आवाज होता तरी मला सगळं कळत होतं. अरबाबनी कागद सावकाश वाचला. खाली सहीपाशी आले तेव्हा त्यांनी एकदा मान वर करून माझ्या खिडकीकडे पाहिलं. एकदाच. मग पुन्हा चाचांकडे वळले, छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, “सही मेरा. गलती मेरा. माफ करो.”

माझं नाव घेतलं नाही. तो लिहिणारा वर बसलाय, मला यातलं काही माहीत नव्हतं, एवढं म्हणाले असते तरी सुटले असते. चाचांनी मान फिरवली आणि साखळी ओढायला घेतली.

अरबाब वर आले. मला वाटलं, आता बोलतील. आता शिक्का काढून घेतील, मला घरी पाठवतील. ते ग्लासभर पाणी प्यायले आणि त्यांनी कोरे कागद मागितले. मी म्हटलं, अरबाब, आज मंगळवार आहे. त्यांनी हात पुढे केलेलाच होता. मी लेटरहेड दिलं. त्यांनी दहा कागदांवर सह्या केल्या, प्रत्येक सहीआधी बिस्मिल्ला म्हणत, जराही घाई न करता. गठ्ठा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “ऊपर अच्छा लिखो.”

या वेळी ती सवय नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी ते वाक्य ऐकलं.

मला आधी राग आला, हे लपवण्यात अर्थ नाही. माणसाने चार शिव्या घालाव्यात, दोन कानाखाली द्याव्यात, म्हणजे समोरचा मोकळा होतो. यांनी तर शिक्षाही दिली नाही आणि सुटकाही. दोन दिवस मी सगळ्यांवर खेकसत होतो. इलेक्ट्रिशियन म्हणाला, “पेशवे, जरा दमानं, पानिपत झाल्यावानी काय करताय?” मी त्याच्याशीही भांडलो. ते दहा कागद कपाटात ठेवले होते आणि मी कपाट उघडायचं टाळत होतो.

गुरुवारी नमाजाची वेळ झाली तेव्हा मी इलेक्ट्रिशियनला मशीन बघायला सांगितलं आणि नमाजाच्या खोलीच्या दाराशी गेलो. सगळे आत जायला चपला काढत होते. चाचा नेहमीप्रमाणे लांब, नळाजवळ. मी मोठ्याने, हिंदीत बोललो, सगळ्यांना समजावं म्हणून. म्हणालो, चाचाच्या लीव्हबद्दल अरबाबना मी विचारलंच नव्हतं. त्यांना काही माहीत नव्हतं. कागद मी लिहिला, ‘नाही’ मी म्हणालो. आजपर्यंत अरबाब नाही म्हणाले असं मी तुम्हाला जेव्हा जेव्हा सांगितलं, तेव्हा ते कधीच म्हणाले नव्हते.

मला वाटलं होतं गलका होईल, कुणीतरी अंगावर येईल. ते सगळे नुसते माझ्याकडे बघत राहिले आणि ते जास्त वाईट होतं. आतमध्ये मागच्या रांगेत अरबाब मान खाली घालून उभे होते, जणू पकडले गेलेत ते.

चाचांनी नळ बंद केला. माझ्या बाजूने, माझ्याकडे न बघता, आत गेले. पहिल्या रांगेतल्या आपल्या जागेपर्यंत गेले आणि थांबले. मग मागे फिरून शेवटच्या रांगेशी आले. अरबाबच्या मनगटाला धरलं आणि त्यांना सगळ्या रांगांमधून पुढे नेऊन उभं केलं. स्वतः त्यांच्या मागे उभे राहिले.

मी मशीनकडे परतलो. भिंतीपलीकडून अरबाबचा ‘अल्लाहु अकबर’ ऐकू आला. इलेक्ट्रिशियन माझ्याकडे बघून म्हणाला, “रडताय काय, पेशवे?” मी म्हटलं, “अमोनिया आहे.” तो बिचारा खरंच गळती शोधत बसला.

चाचा त्यानंतर माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. वर्ष गेलं तरी तेच. त्यांनी बरोबर केलं. माफी मागितली म्हणून लगेच मिळायला पाहिजे असं थोडंच आहे?

मी मात्र त्यानंतर दर गुरुवारी दुपारनंतर बुसैतीनला जायला लागलो. अरबाब समुद्राकडच्या भिंतीवर बसलेले असायचे आणि भोवती मांजरं. मी आठवडाभरातली एकेक गोष्ट वाचून दाखवायचो. त्यांना कंटाळा यायचा. मला का सांगतोस, म्हणायचे. मशीनचा विषय निघाला की “इन्ता मालूम.” पण कुणाच्या लीव्हचा विषय निघाला की माझं वाक्य पुरं व्हायच्या आधी म्हणायचे, “जाने दो.” कधीही, कुणालाही, कितीही सीझन असो. मी त्यांच्या नावाने जितक्यांना नाही म्हणालो होतो, त्यातल्या एकालाही त्यांनी नाही म्हटलं नसतं. एकदा एका वेळी तीन माणसं घरी गेलेली आणि आम्ही पार मेटाकुटीला आलो. तर हे स्वतः त्या पांढऱ्याशुभ्र लांब झग्यात येऊन आकडा लावून लाद्या ओढायला लागले. दोनदा घसरले. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतका वाईट कामगार पाहिला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात घरून फोन आला. बायकोच्या छातीत गाठ निघाली होती आणि कोल्हापूरला ऑपरेशन ठरलं होतं. ती म्हणाली, “तुम्ही येऊ नका. दादा आहे ना माझ्याबरोबर. तुमचा सीझन आहे.” आवाज अगदी नेहमीसारखा काढायचा प्रयत्न करत होती. लग्नाला बावीस वर्षं झालेली, तो प्रयत्न मला ऐकू आलाच.

मी टेबलाशी बसलो. सही केलेला कोरा कागद समोर, शिक्क्याची डबी शेजारी. सगळ्या फॅक्टरीच्या लीव्ह मी लिहिलेल्या, आणि स्वतःची लिहायला हात उचलेना. एका माणसाला याच टेबलावरून मी काय लिहून दिलं होतं ते मला माहीत होतं. सीझन तोच होता. बोटीही त्याच.

दुपारी अरबाब आले तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, आता म्हणतील, जाने दो. पण त्यांनी छातीवर हात ठेवला आणि हनुवटीने खिडकीबाहेर दाखवलं. खाली होइस्टवर चाचा होते.

“उसको पूछो,” ते म्हणाले. आणि शिक्क्याची डबी माझ्या हातात ठेवली.

मी कागदावर मजकूर लिहिला, दिवसांची जागा मोकळी सोडली आणि डबी घेऊन खाली गेलो. तो जिना मला कधी इतका लांब वाटला नव्हता. साखळीला डबा लटकत होता. चाचांनी मला पाहिलं, पण थांबायची खूण केली. डबा साध्या पाण्यात बुडवला, बर्फ सुटेपर्यंत वाट बघितली, मग तो कलंडवून लादी उतारावर सोडली. मग दुसरा डबा. मी उभा. त्या दिवशी त्यांनी मला तासभर उभं ठेवलं असतं तरी मी हललो नसतो. तिसऱ्या डब्यानंतर त्यांनी पँटला हात पुसले.

“काय झाला?”

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागद हातात घेतला. खालच्या सहीकडे बराच वेळ बघत राहिले.

“किती दिस मागतोस?”

“आठ.”

“आठ दिसांत काय होतंय?” ते माझ्यावर ओरडलेच. “बाईमानूस एवडा सोसनार आनी तू आठ दिसांत पाठ फिरवनार? महिना लिव.”

मी होइस्टच्या खांबावर कागद धरून लिहिलं. अक्षर शाळेतल्या पोरासारखं आलं. चाचांनी शिक्का डबीतून काढला, ओल्या बोटांनी फिरवून बघितला आणि सहीशेजारी जोरात दाबला. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच तो हातात धरला होता. उलटा पडला.

“चालंल काय?” त्यांनी विचारलं.

“चालेल,” मी म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर ओला, गार हात ठेवला आणि म्हणाले, “जा, पेशवे. हिकडं आमी हाव.”

ऑपरेशनच्या दिवशी मी दाराबाहेर होतो. ती शुद्धीवर आली तेव्हा तिने आधी मला ओळखलं आणि मग रागावली, की सीझन सोडून कसे आलात. आज ती बरी आहे. मनाम्यातल्या आमच्या छोट्या फ्लॅटमध्ये माझ्याबरोबर राहते. ईदला अरबाबकडे आणि चाचांकडे ओल्या नारळाच्या करंज्या पाठवते. मी त्या दोघांना आयुष्यभर फिटणार नाही एवढं देणं लागतो आणि ते फिटावं असं मला वाटतही नाही.

तो कागद तिने कपाटात, आपल्या पातळांच्या घडीखाली ठेवलाय. माहेरचं कुणी आलं की काढून दाखवते. प्रत्येकजण विचारतो, शिक्का उलटा कसा? ती म्हणते, राहू दे शिक्क्याचं, वर काय लिहिलंय ते वाच. आणि मग स्वतःच मोठ्याने वाचून दाखवते, एक महिना.